जुना कॅमेरा: मॉडेल पाहू की नग?

पत्राचा सारांश: चिपळूणजवळच्या एका प्राथमिक शिक्षिकेने लिहिलं आहे. मार्गशीर्षात धाकट्या बहिणीचं लग्न आहे. फोटोग्राफर ठरलेला आहे, पण घरच्यांचे, हळदीचे, मागच्या अंगणातले फोटो स्वतः काढायचे आहेत आणि तेही मोबाइलवर नाही. बजेट पंधरा हजार. त्यांनी चार जुन्या कॅमेऱ्यांचा तक्ता केला आहे: कॅनन पॉवरशॉट ए590 आयएस, कॅनन एस95, पॅनासॉनिक एलएक्स5 आणि सोनी आरएक्स100. भाऊ म्हणतो, वीस मेगापिक्सेलचा सोनीच घे. मैत्रीण म्हणते, सीसीडी (जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांत असायचा तो) सेन्सरच हवा, त्याचे रंग फिल्मसारखे येतात. सोनी बजेटच्या वर जातोय. मुंबईच्या एका विक्रेत्याकडे एस95 आहे, 'टेस्टेड, वर्किंग, नो रिटर्न'. शिवाय घरच्या कपाटात वडिलांचा ऑलिम्पस पडून आहे, तो चालू होत नाही. प्रश्न एकच: चारांतला कुठला घेऊ, आणि न बघता मागवू का?

उत्तर:

तुमचा तक्ता मन लावून केलेला आहे. पण त्यात एक रकाना राहून गेलाय आणि माझ्या मते सगळ्यात वजनदार तोच आहे. ए590 2008चा, एस95 आणि एलएक्स5 2010चे, आरएक्स100 2012चा. नवे असताना एका मॉडेलचे सगळे नग जवळपास सारखे होते. आज तसं राहिलेलं नाही. एक नग कुणाच्या तरी लॉकरमध्ये कोरडा राहिला, दुसरा समुद्रकिनाऱ्यावर वाळूत पडला, तिसऱ्याने बॅटरी आत ठेवून दहा पावसाळे काढले. नाव तिघांचंही एस95च. म्हणून मॉडेलची तुलना दोन पर्यायांपर्यंत आणून तिथेच थांबवा आणि उरलेला वेळ हातातला नग तपासण्यात घालवा.

आधी मॉडेलचं उरकू. भावाचा मेगापिक्सेलचा मुद्दा बाजूला ठेवायला हरकत नाही. 4 बाय 6 इंचांचा फोटो 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके) छापायला सव्वादोन मेगापिक्सेलही लागत नाहीत, 8 बाय 10ला सव्वासात पुरतात. ए590चे आठ आणि एस95चे दहा मेगापिक्सेल लग्नाच्या अल्बमला भरपूर झाले. भाऊ चुकतोय असं मात्र नाही. आरएक्स100 खरंच सरस आहे, पण कारण वेगळं आहे: त्याचा सेन्सर मोठा आहे.

हे मोजता येतं. सेन्सरचं क्षेत्रफळ घ्यायचं आणि भिंगाच्या एफ-आकड्याच्या वर्गाने भागायचं (हा आकडा जितका लहान, तितकं भिंग जास्त उघडतं). येणारा आकडा म्हणजे तेवढ्याच शटर वेळात कॅमेरा किती उजेड गोळा करतो त्याचा ढोबळ अंदाज. आरएक्स100चा सेन्सर 116 चौरस मिलिमीटरचा. एस95 आणि एलएक्स5चे 40च्या आसपास, ए590चा 25. झूम न करता आरएक्स100 एफ/1.8 देतो, म्हणजे उत्तर 36. एस95 आणि एलएक्स5 दोघेही एफ/2, म्हणजे 10. ए590 एफ/2.6, उत्तर चारच्याही खाली. इथे सोनी साडेतीन पट पुढे आहे. पण मांडवात तुम्ही दूर उभ्या राहून बहिणीचा चेहरा टिपणार, म्हणजे झूम पूर्ण बाहेर काढणार. तेव्हा आरएक्स100 आणि एस95 दोघेही एफ/4.9वर येतात, एलएक्स5 मात्र एफ/3.3वर थांबतो. पुन्हा भागाकार करा: सोनी 4.8, पॅनासॉनिक 3.7, एस95 1.7, ए590 0.8. सोनी आणि पॅनासॉनिकमधलं अंतर जवळपास मिटलं! एलएक्स5चा झूम 90 मि.मी.पर्यंतच जातो, एस95चा 105पर्यंत. लग्नघरात एवढा फरक दोन पावलं पुढे सरकून भरून निघतो. हा भागाकार कुठल्याही दोन छोट्या कॅमेऱ्यांना लावून बघा, तुमच्यासारखा तक्ता करणाऱ्या इतरांनाही तो उपयोगी पडेल.

आता सीसीडी. मैत्रिणीला आवडणारे फोटो मीही आवडीने बघते, त्या फोटोंत काहीतरी आहे हे खरं. पण ते सेन्सरच्या जातीतून फारसं येत नाही. समोरून पडणारा झेनॉन फ्लॅश, छोट्या सेन्सरमुळे पुढचं-मागचं सगळंच स्पष्ट दिसणं, त्या काळच्या जेपेगमधला थोडा जास्त कॉन्ट्रास्ट, आणि मोबाइल करतो तसं पाच-सात फ्रेम एकत्र करून सावल्या उजळण्याचा प्रकार नसणं, या चार गोष्टींतून तो परिणाम घडतो. सीमॉस म्हणजे नंतरच्या जातीच्या सेन्सरचा आरएक्स100 घेऊन फ्लॅश लावला, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) 200वर ठेवला आणि एक्सपोजर एक तृतीयांश स्टॉप खाली आणलं, म्हणजे फोटो किंचित गडद केला, तर त्याच्या बराच जवळ जाता येतं. सीसीडीचा एक ठरलेला दोष मात्र आहे. फ्रेममध्ये हॅलोजन किंवा सूर्य आला की स्क्रीनवर आणि व्हिडिओत उभी जांभळट रेघ उमटते. ती दिसली तर कॅमेरा बिघडला म्हणून घाबरू नका.

मोबाइल नको, असं तुम्ही ठाम लिहिलंय. फ्लॅशविना अंधारात आजचा बरा मोबाइल यांतल्या सोनी सोडून तीन कॅमेऱ्यांना मागे टाकेल, हे मनात असू द्या. कॅमेरा जिंकतो तो फ्लॅशमध्ये आणि खऱ्या भिंगाच्या झूममध्ये. मोबाइलचा एलईडी मिणमिणत पेटून राहतो. झेनॉनची लखलख हजारांश सेकंदाच्या आसपासच संपते, त्यामुळे हळद उधळणारा हात हवेतच थिजतो. मात्र अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. फ्लॅशचे फोटो दोन-अडीच मीटरच्या आतच घ्या. मागचा मांडव काळाकुट्ट येत असेल तर फ्लॅश 'स्लो सिंक्रो'वर (फ्लॅशबरोबर शटर जास्त वेळ उघडं ठेवणारी सेटिंग) ठेवा आणि हात खांबाला टेकवा.

आणखी एक गोष्ट तक्त्यात मावली नसती. तुम्ही करवली आहात. हातात कऱ्हादिवा आला की कॅमेरा आतेभावाच्या नाहीतर मावशीच्या हातात जाणार. एस95चा फ्लॅश डाव्या कोपऱ्यातून आपोआप वर येतो आणि नवखा माणूस नेमकं तिथेच बोट दाबून धरतो. एलएक्स5ला भिंगाचं झाकण हाताने काढावं लागतं, ते विसरलं की स्क्रीनवर काढायची सूचना येते आणि फोटो राहतो. एस95 193 ग्रॅमचा, साडीवरच्या बटव्यात बसतो. एलएक्स5 271 ग्रॅमचा आणि भिंग पुढे आलेलं, तो गळ्यात अडकवावा लागेल. ए590 या बाबतीत सगळ्यांत सोपा: मूठभर जाड पकड, डोळ्याला लावायची काचेची खिडकी आणि दोन पेन्सिल सेल.

सेलवरून बॅटरीकडे येते, कारण जुने कॅमेरे इथेच अडतात. ए590ला नेहमीचे अल्कलाइन सेल घालू नका, ते फ्लॅशच्या ओढीला लवकर दम सोडतात. 1.2 व्होल्टचे, 2000 एमएएचच्या आसपासचे निकेल-मेटल हायड्राइड सेल दोन जोड्या घ्या. एस95ला एनबी-6एल नावाची बॅटरी लागते. ती कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत चालते, म्हणून पर्यायी बॅटरी सहज मिळते. पण एका चार्जमध्ये कंपनीच्या मोजणीने दोनशेच फोटो निघायचे. लग्नाच्या दिवशी तीन बॅटऱ्या जवळ ठेवा. एलएक्स5च्या बॅटरीत चिप असते. काही नकली बॅटऱ्या घातल्या की कॅमेरा 'ही बॅटरी वापरता येत नाही' असा संदेश देऊन बंद होतो. म्हणून पर्यायी बॅटरी कॅमेऱ्यात घालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. फुगलेली बॅटरी फुकट मिळाली तरी घेऊ नका.

आता खरं काम, नग तपासणं. शक्य असेल तर स्वतः जा किंवा मुंबई-पुण्यातल्या विश्वासू माणसाला पाठवा. फोर्टमधल्या कॅमेऱ्यांच्या दुकानांत किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात हात लावून बघता येतं. बरोबर घ्यायचं सामान: 8 किंवा 16 जीबीचं एसडीएचसी कार्ड, मोबाइलला लागणारं कार्ड रीडर, बारीक टॉर्च आणि एक वर्तमानपत्र. 64 जीबीचं कार्ड नेऊ नका. ए590सारखे जुने कॅमेरे ते वाचत नाहीत आणि चांगला नग उगाच बाद होतो.

कॅमेरा बंद असतानाच बॅटरीचं दार उघडा. पत्र्याच्या पट्ट्यांवर हिरवट किंवा पांढरी भुकटी असेल तर सेल आत फुटलेला आहे. दाराची खिटी प्लॅस्टिकची असते, ती तुटली की दार चिकटपट्टीने धरून ठेवावं लागतं. मग चालू-बंद दहा वेळा करा. एकदा-दोनदा नव्हे, दहा वेळा. भिंगाची नळी सरळ आणि एकाच आवाजात बाहेर यायला हवी. कुरकुर, मध्येच थबकणं किंवा नळीभोवतीची फट एका बाजूला जास्त दिसणं, यांतलं काहीही म्हणजे वाळू गेलीय किंवा कॅमेरा पडलाय. 'लेन्स एरर' बहुतेक वेळा पहिल्या मिनिटात येत नाही. गिअर थोडे चालले, झूम वीसेक वेळा आतबाहेर झाला की येते. एस95च्या नंतरचा एस100 कुणी सुचवला तर जास्तच जपून. त्याच्या काही ठरावीक सिरियल क्रमांकांच्या नगांत भिंगाचा दोष असल्याची सूचना कंपनीनेच काढली होती.

यानंतरच्या दोन चाचण्या मी कधीच सोडू देणार नाही.

पहिली टॉर्चची. कॅमेरा चालू करून भिंग बाहेर आलं की टॉर्च समोरून न धरता बाजूने, तिरका धरा आणि कॅमेरा हळूहळू फिरवा. सुटे ठिपके म्हणजे धूळ, त्याने फोटो बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले पांढरे धागे दिसले, बहुधा काचेच्या कडेकडून आत सरकणारे, तर ती बुरशी. ती काचेवरचं कोटिंग खाते, त्यामुळे पुसली तरी डाग राहतो. छोट्या कॅमेऱ्याचं भिंग उघडून साफ करण्याचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीला भिडतो. तुमच्या हवेत ती आणखी पसरेल. असा नग अर्ध्या किमतीतही नको.

दुसरी पांढऱ्या भिंतीची. झूम पूर्ण बाहेर, अ‍ॅपर्चर (भिंगाचं आतलं उघडं तोंड) एफ/8, आणि उजळ भिंतीचा किंवा ढगाळ आभाळाचा फोटो. भिंत फोकसमध्ये नसली तरी चालतं. कार्ड मोबाइलला लावून फोटो मोठा करा आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सावकाश सरकवत न्या. सारवलेल्या जमिनीवर पाण्याचा थेंब पडून वाळल्यावर उरतो तसा मळकट, कडा विरलेला वर्तुळाकार डाग दिसला तर धूळ सेन्सरवर बसलेली आहे. पुढेमागे होणारी भिंगाची नळी भात्यासारखी हवा ओढते, तिच्याबरोबर ही धूळ आत जाते. झूम न करता, अ‍ॅपर्चर उघडं ठेवून फोटो काढला तर हाच डाग लपतो, म्हणून विक्रेत्याच्या नमुना फोटोत तो दिसत नाही. ब्लोअरने तो निघत नाही. कॅमेरा खोलावा लागतो, आणि घरी तो खोलू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावरही सुमारे तीनशे व्होल्ट साठून राहिलेले असतात.

बाकीचं भराभर होतं. वर्तमानपत्राचं पान भिंतीवर सपाट चिकटवून समोरून फोटो घ्या, एक झूम न करता आणि एक पूर्ण झूमवर. चारही कोपऱ्यांतली अक्षरं थोडी मऊ असली तरी चारही सारखीच मऊ हवीत. एकच बाजू जास्त पुसट असेल तर भिंग तिरकं बसलंय. फ्लॅश लागोपाठ पाच वेळा उडवा. अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घेऊन आवाज ऐका. प्रत्येक बटण दाबा, मागची गोल चकती फिरवा, शटरचं अर्धं दाबणं वेगळं कळतं का बघा. मेनूत इंग्रजी आहे ना? जपानहून आलेल्या सोनी-पॅनासॉनिकच्या काही नगांत फक्त जपानी असतं आणि ते बदलता येत नाही. तारीख लावून बॅटरी पाच मिनिटं बाहेर काढा. तारीख पुसली गेली तर आतला छोटा सेल संपलाय. हा दोष किमतीत घासाघीस करण्यापुरता आहे, नकार देण्याइतका नाही.

विकणाऱ्यांच्या शब्दांबद्दलही थोडं सांगते. 'टेस्टेड' म्हणजे अनेकदा चालू होऊन एक फोटो निघाला एवढंच. 'अनटेस्टेड' लिहिलेला नग बंदच आहे असं धरून चाला, कारण बॅटरी घालून बघायला एक मिनिट लागतं आणि चालत असता तर त्यांनी तसं लिहिलं असतं. कुणी 2002 ते 2004च्या सुमाराचा आणखी स्वस्त कॅमेरा दाखवला तर कोकणात तो नकोच. त्या काळातल्या बऱ्याच कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत बसवलेले काही सीसीडी उष्ण-दमट हवेत निकामी होतात, असं 2005च्या अखेरीस त्या कंपन्यांनीच जाहीर केलं होतं. फोटो जांभळा, आडवा फाटलेला किंवा पूर्ण काळा येतो.

तुमच्या बजेटला आणि मांडवाला माझा कौल असा: एलएक्स5 किंवा एस95, यांतला जो नग चाचण्यांत निर्मळ निघेल तो. दोन्ही सारखेच निर्मळ निघाले तर उजेडासाठी एलएक्स5. मुख्य काम शाळेतल्या मुलांचे उन्हातले फोटो असतं, तर मी ए590 सांगितला असता आणि वाचलेल्या पैशांत सेल घ्या म्हटलं असतं. आरएक्स100साठी बजेट ताणू नका. आणि पंधरा हजार सगळे कॅमेऱ्यावर घालू नका, दोन-अडीच हजार बॅटऱ्या, कार्ड आणि रीडरसाठी बाजूला काढा. कॅमेरा लग्नाच्या निदान महिनाभर आधी हातात हवा. संध्याकाळच्या ट्यूबलाइटमध्ये दीड-दोनशे फोटो काढून झाले की बोटांना बटणं आपोआप सापडायला लागतात.

पण एक पैसाही खर्च करण्याआधी वडिलांचा ऑलिम्पस कपाटातून काढा. बंद पडलेल्या अशा कॅमेऱ्यांत बऱ्याचदा बॅटरीच मेलेली असते. तिच्यावरचा क्रमांक वाचा. एलआय-42बी असेल तर निकॉनची ईएन-ईएल10 आणि फुजीची एनपी-45 मापाने आणि जोडणीने तीच आहे, तिघींपैकी जी ताजी मिळेल ती चालते. कार्ड एक्सडी (जुन्या जातीचं मेमरी कार्ड) असेल तर ते आता बनत नाही आणि 2 जीबीच्या पुढे कधी गेलंही नाही. आत असलेलं कार्ड जपा आणि एक्सडीचा खाचा असलेलं रीडर शोधा. आधी त्यातले फोटो उतरवून घ्या, फॉरमॅट त्यानंतर. वडिलांनी काढलेलं बहिणीचं लहानपण त्यात असेल तर हळदीच्या फोटोंइतकंच ते अल्बमात हवं.

कुठलाही कॅमेरा घेतलात तरी चिपळूणच्या पावसात तो कपाटात किंवा चामड्याच्या पाकिटात ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात शंभर ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा 40 ते 50च्या दरम्यान राहू द्या. दाण्यांचा रंग बदलला की मंद आचेवर कढईत परतून कोरडे करा आणि ती कढई परत स्वयंपाकाला वापरू नका. डब्यात तांदूळ घालू नका, त्याची पिठी भिंगाच्या नळीत जाते. बॅटरी वेगळी काढून, अर्धी चार्ज ठेवून. पंधरा दिवसांतून एकदा कॅमेरा चालू करून झूम आतबाहेर करा.

आणि मुंबईच्या त्या विक्रेत्याला आजच हे पाठवा: "दादा, एस95 घ्यायची तयारी आहे. त्याआधी तीन गोष्टी पाठवा. पूर्ण झूम आणि एफ/8वर काढलेला पांढऱ्या भिंतीचा मूळ फोटो, व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून. दहा वेळा चालू-बंद आणि झूम करतानाचा सलग व्हिडिओ, शेजारी आजचं वर्तमानपत्र ठेवून. बॅटरीच्या खाच्याचा आणि टॉर्च मारलेल्या भिंगाचा जवळून फोटो." दोन दिवसांत तिन्ही आल्या तर भाव करा. "एवढं कुणी मागत नाही" असं उत्तर आलं, तर तो नग सोडा आणि एलएक्स5च्या शोधाला लागा.